अजब बंगला, आई आणि टाकळघाटचे दगड

कडुनिंब_सावली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

गेल्या रविवारी आई आणि लेकीला घेऊन अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात जाऊन आले. मी स्वतः शाळेच्या सहलीत गेले होते, त्यानंतर थेट आता. मधल्या काळात त्या फाटकासमोरून किती वेळा गाडी नेली असेन त्याला गणती नाही. आई तर अठ्ठ्याहत्तर वर्षं नागपूर आणि आसपासच राहिली, पण आत कधीच गेली नव्हती. "आपलं काय काम तिथं?" एवढंच म्हणायची.

झिरो माईलला मेट्रोतून उतरलो आणि आईच्या चालीनं सावकाश गेलो. सिव्हिल लाइन्समध्ये पायी चाललं की उन्हाळ्यातसुद्धा जरा बरं वाटतं, ती झाडं अजून आहेत. आत शिरल्यावर आईनं पहिल्यांदा वर पाहिलं. मग भिंतीला तळहात लावला, उलटा. तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावतात तसा. म्हणाली, "गार आहे गं. आमच्या टाकळघाटच्या घरासारखी."

आईचं माहेर टाकळघाट, बुटीबोरीजवळचं.

लेक सातवीत आहे. तिला पेंढा भरलेले प्राणी-पक्षी आवडले. शस्त्रांच्या दालनात ती रेंगाळली, मूर्तींसमोरून भरभर गेली. मुलं जातात तशीच. मी मात्र घरून थोडं वाचून गेले होते, म्हणून एका बाकावर बसून दोघींना हिस्लॉपची गोष्ट सांगितली. आपण "हिस्लॉप कॉलेज" रोज म्हणतो, पण हा माणूस कोण ते आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडचा पाद्री. १८४५ मध्ये नागपुरात आला, १८४६ मध्ये शाळा काढली, पुढे १८८३ मध्ये तिचं कॉलेज झालं. धर्मप्रसार हे त्याचं काम, पण जीव दगडांत, जीवाश्मांत आणि गोंडांच्या बोलीत. १८६३ साली मध्य प्रांताचा चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यानं नागपुरात हे संग्रहालय सुरू केलं, तेव्हा हिस्लॉपनं जमवलेल्या गोष्टी त्याच्या पायाशी होत्या. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला टेंपलबरोबर तो टाकळघाटला गेला. कशाला? तिथल्या शेतांतली मोठमोठ्या दगडांची वर्तुळं पाहायला. परतताना हिस्लॉप गावातली शाळा पाहायला मागे थांबला आणि संध्याकाळी एकटाच घोड्यावर निघाला. पावसाळ्याचे दिवस, नाल्याला पूर. घोडा पोचला, माणूस पोचला नाही. सेहेचाळिसावा वाढदिवस चार दिवसांवर होता.

मी टाकळघाटचं नाव घेतलं तशी आई ताठ बसली. "ते दगडांचे गोल? अगं, आमच्या शेतात होते की! त्यांच्यावर बसून आम्ही शिदोरी सोडायचो. बाबा तेवढी जागा सोडून वखर फिरवायचे."

मी पन्नाशीला आले, आणि आईच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकलं. ज्या दगडांसाठी एक माणूस जिवाला मुकला, त्यांवर बसून माझी आई भाकरी खायची. परत निघताना ती फाटकाशी थांबली, मागे वळून बंगल्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे आमच्या गावामुळं आहे होय हे!" ते काही खरं नाही, संग्रहालय तिथल्या दगडांवर उभं राहिलं नाही. पण मी तिला दुरुस्त केलं नाही.

विचारायचं ते असं: तुमच्या गावची, तुमच्या घरची अशी कुठली गोष्ट या बंगल्याशी किंवा नागपुरातल्या दुसऱ्या कुठल्या जुन्या वास्तूशी जोडलेली आहे? आणि मुलांना हे दाखवायचं तर कसं दाखवावं?

---

बर्डीचा_बंटी

ताई, मस्त लिहिलं. आमची सहल पाचवीत गेली होती. पन्नास पोट्टे, एक सर. "हात नको लावू बे" एवढंच ऐकून आलो आम्ही. टाकळघाट-बिकळघाट कोणी सांगितलंच नाही. माझी बायको बोरीची आहे, तिला हा धागा वाचून दाखवला तर ती म्हणून राहिली की त्यांच्याकडेही असे दगड आहेत, मारुतीच्या देवळामागं. आता जाऊन पाहतो.

---

काळा_पाषाण

कडुनिंबताई, धागा वाचून राहवलं नाही. भूशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली, म्हणून थोडी भर घालतो.

सीताबर्डीची टेकडी आपल्याला १८१७ च्या लढाईमुळं आणि किल्ल्यामुळं माहीत. (हिस्लॉपचा जन्मही १८१७ चाच.) पण तीच टेकडी त्यानं दगड म्हणून वाचली. खाली जुना खडक, मध्ये गोड्या पाण्याच्या तळ्यातल्या गाळाचा पातळ थर, वर ज्वालामुखीचा काळा पाषाण. त्या मधल्या थराचे नमुने त्यानं आणि त्याचा सहकारी हंटर यानं आपल्या टाकळीतूनही गोळा केले. (ही नागपूरची टाकळी, टाकळघाट वेगळं. नवख्याचा हमखास घोळ होतो.) शंख-शिंपले, माशांचे खवले, झाडांची फळं-बिया, सगळं दगड झालेलं. दोन लाव्हारसांच्या मधल्या काळात इथं तळी होती, त्यांत जीव होते, हे त्यावरून कळलं. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट. मी मुलांना सांगायचो, बर्डीवर खरेदीला जाता ना, तिथं कधीकाळी गोगलगायी होत्या. मग ती ऐकायची.

मांगलीच्या वालुकाश्मात सापडलेली एक कवटी त्यांनी लंडनला पाठवली. बेडकाच्या दूरच्या कुळातला प्राणी. इंग्रज जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड ओवेननं १८५५ मध्ये तिला ब्रॅकिऑप्स हे नाव दिलं. आपल्या विदर्भातलं गाव त्या काळच्या शास्त्रज्ञांच्या तोंडी होतं आणि आपण त्याला बसथांबा म्हणून ओळखतो.

दगडांच्या वर्तुळांबद्दल: ती थडगी आहेत. लोहयुगातली, इसवीसनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली. नागपूरच्या आसपास यांची दाटी आहे. काटोल रस्त्यावर जुनापाणीला सुमारे तीनशे वर्तुळं आहेत. तिथं रिव्हेट-कारनॅक या इंग्रज अधिकाऱ्यानं १८६७ मध्ये उकरून पाहिलं होतं. टाकळघाट आणि खापा इथं नागपूर विद्यापीठानं १९६८-६९ मध्ये शास्त्रशुद्ध उत्खनन केलं, पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांच्या देखरेखीखाली. लोखंडी हत्यारं निघाली, काळी-तांबडी भांडी निघाली. नागपूरजवळच्या माहूरझरीला तर घोड्याच्या डोक्यावरचा तांब्याचा साज सापडला. म्हणजे या लोकांना घोडा फार प्रिय होता.

तुमच्या आजोबांनी ती जागा सोडून वखर फिरवली हे वाचून फार बरं वाटलं. आज जी वर्तुळं शिल्लक आहेत ती अशाच शेतकऱ्यांमुळं. बाकीचे दगड बांधाला आणि पायव्याला गेले.

---

कवेलू

मी वेगळ्या बाजूनं लिहितो. आमचं काम बांधकामाचं, तेही जुन्या घरांचं. आजोबा चुन्याचे गवंडी होते, वडील सिमेंटचे, मी पुन्हा चुन्याकडे आलो.

ताई, तुमच्या आईनं भिंतीला हात लावून "गार आहे" म्हटलं ना, अर्धं स्थापत्य तिथंच सांगून झालं. दीड-दोन हात जाड भिंत, उंच छत, चहूबाजूंनी व्हरांडा म्हणजे ऊन भिंतीला थेट लागतच नाही, आणि गरम हवा वर निघून जायला छताजवळ झरोका. नागपूरच्या मे महिन्यात पंचेचाळीस अंशाला हाच उपाय. इंग्रजांनी तो बंगालच्या झोपडीवरून उचलला, बंगला हा शब्दही तिथलाच. विदर्भात आल्यावर भिंती आपल्या, कवेलू (कौलं) आपले, सागाचे वासे आपल्याच जंगलातले.

आता दुरुस्तीचं सांगतो, कारण "जुनं घर नीट केलं" असं म्हणून लोक त्याची वाट लावतात. काही वर्षांपूर्वी एका जुन्या बंगल्याच्या कामात मी पोटठेकेदार होतो. नाव-गाव घेत नाही. बाहेरची भिंत चुन्याची होती, वरच्यांनी सांगितलं सिमेंटचा गिलावा मारा, लवकर होतो. मी बोललो, ऐकलं नाही. मी पैसे घेऊन काम केलं, हे आजही मनाला लागतं. दोन पावसाळ्यांत भिंत आतून ओली झाली, पांढरा क्षार फुलला आणि गिलावा पडला तो विटेचं तोंड घेऊनच पडला. चुना श्वास घेतो. भिंतीत शिरलेलं पाणी त्यातून वाफ होऊन बाहेर जातं. सिमेंट ती वाट बुजवतं, मग ओल आत कुजते. दीडशे वर्षं उभी राहिलेली वीट दोन वर्षांत मातीला मिळाली.

बरोबर रीत अशी. कळीचा चुना भिजवून निदान काही आठवडे पाण्याखाली मुरवायचा, जितका जुना तितका लोण्यासारखा. त्यात वाळू आणि सुरखी, म्हणजे पक्क्या विटेची भुकटी. आजोबा घाणीत मळायचे: गोल चर, त्यात दगडी चाक, बैल फिरतोय. बेलफळाचा गर, गुळाचं पाणी, हिरड्याचं पाणी, ज्याच्या त्याच्या हातचं प्रमाण. गिलावा घातला की दिवसेंदिवस ओला ठेवायचा आणि लाकडी थापीनं थापत राहायचं, नाहीतर केसासारख्या भेगा पडतात. माझ्या बोटांची कातडी अजून चुन्यानं सोललेली आहे, पण भिंतीवरून हात फिरवला की अंड्याच्या टरफलासारखी लागते.

कुठलंही दुरुस्त केलेलं जुनं घर पाहायला गेलात तर मुलांना आधी जमिनीजवळची हातभर भिंत दाखवा. तिथं पोपडे असतील तर समजा घाई झाली आहे.

---

महालातला_गोविंदा

वाचतोय. सगळं चांगलं आहे, पण एक गोष्ट मला खटकते आणि ती मनापासून सांगतो.

गोऱ्यांच्या बंगल्यांचे किती गोडवे गायचे? ज्या टेंपलनं संग्रहालय काढलं, त्याचं सरकार नागपुरात आलं कसं? नागपूरचे राजे तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये वारले, औरस वारस नाही म्हणून १८५४ मध्ये राज्य खालसा केलं. वाड्यातले हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला मातीमोलानं विकले. दागिने कलकत्त्याला लिलावात गेले. बाकाबाई राणीसाहेबांनी सांगितलं की सामान हलवलं तर वाड्याला आग लावीन. या घटनेनंतर दहा वर्षं होत नाहीत तोच त्याच लोकांनी आपल्याच वस्तू कपाटात लावून आपल्याला दाखवल्या.

पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनला लिलावात निघाली, तेव्हा महाराष्ट्र शासनानं सुमारे ४७ लाख रुपये मोजून ती परत आणली. आपलीच तलवार आपण विकत घेतली. ती मुंबईत उतरली त्या दिवशी आमच्या गल्लीत पेढे वाटले, आणि माझे आजोबा असते तर रडले असते. तेव्हा बंगला जरूर पाहा, पण मुलांना ही बाजूही सांगा.

---

कडुनिंब_सावली

गोविंदाभाऊ, अगदी मान्य. मी लेकीला खालसा प्रकरण सांगितलंच नाही, हे तुमचं वाचल्यावर लक्षात आलं. आज रात्री जेवताना सांगितलं. तिनं विचारलं, "मग हत्ती कुणी घेतले?" मला उत्तर देता आलं नाही.

पण हिस्लॉपला मी टेंपलच्या ओळीत बसवणार नाही. गोंडांच्या गोष्टी त्यानं लिहून ठेवल्या, त्याच्या मागून टेंपलनं १८६६ मध्ये त्या छापल्या. ते कागद नसते तर काय काय हरवलं असतं, कोण जाणे.

कवेलूदादा, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणते बेलफळ नाही, त्यांच्याकडे उडदाचं पाणी घालायचे.

---

कवेलू

आईंना नमस्कार सांगा. उडदाचंही घालतात, बरोबर आहे त्यांचं. चिकटपणा येतो.

---

सातपुड्याची_वाट

गोविंदाभाऊंच्या मुद्द्याला धरूनच लिहिते. दुरुस्त करून संग्रहालय केलेला खराखुरा राहता बंगला पाहायचा असेल तर पचमढीचा बायसन लॉज पाहा. आम्ही विदर्भातले लोक महादेवाच्या यात्रेला, नागद्वारला वर्षानुवर्षं जातो, चौरागडावर त्रिशूळ वाहतो आणि खाली येऊन बस पकडतो. लॉज वाटेतच आहे, पण यात्रेकरू तिकडं फिरकत नाही. माझी आजी बावीस वर्षं महादेवाला गेली, तिनं तो पाहिला नव्हता.

कॅप्टन जेम्स फॉरसिथ १८६२ च्या सुमारास तिथं गेला आणि राहायला ठेंगणं दगडी घर बांधलं. पुढं पचमढी मध्य प्रांताची उन्हाळी राजधानी झाली, म्हणजे नागपूरचं सरकार उन्हाळ्यात तिकडं मुक्कामाला जायचं. नागपूरच्या इतिहासाची एक खोली पचमढीत आहे असं समजा. आता तिथं वन विभागाचं संग्रहालय आहे, सातपुड्याच्या जंगलाचं आणि तिथल्या माणसांचं.

फॉरसिथचं मध्य भारतातल्या डोंगरांवरचं पुस्तक १८७१ मध्ये निघालं आणि त्याच वर्षी तो वारला, वय जेमतेम तेहेतीस. पण तो तिथं पोचला त्याच्या दोनच वर्षं आधी त्या डोंगरांचा राजा भभूतसिंग, ज्यानं तात्या टोप्यांना साथ दिली, त्याला इंग्रजांनी मृत्युदंड दिला होता. मी लॉजच्या ओसरीत उभी होते तेव्हा हे दोन्ही मनात होतं. घर सुरेख आहे. दगड फार निगुतीनं बसवलेत. आणि ते उचलणारे हात गोंड-कोरकूंचे होते.

---

पंखेवाल्याची_पणती

मी कधी लिहीत नाही, नुसती वाचते. आज लिहावंसं वाटलं.

माझे पणजोबा सिव्हिल लाइन्समधल्या एका साहेबाकडे पंखा ओढायचे. बंगल्याच्या मागं आउटहाऊस होतं, एक खोली आणि पुढं पडवी. माझ्या आजीचा जन्म तिथला. शेजारच्या खोलीत भिस्ती, पलीकडे खानसामा, टोकाला धोबी. आजी सांगायची, पणजोबा पंखा हातानं कमी आणि पायानं जास्त ओढायचे. उताणं झोपून दोरी पायाच्या अंगठ्याला गुंडाळायची आणि पाय हलवत राहायचं. झोप लागली तरी पाय हलत राहावा अशी सवय लागली होती. म्हातारपणी खाटेवर पडल्यावरही त्यांचा उजवा पाय हलायचा. आजी हात ठेवून थांबवायची.

भिंतीत त्या दोरीसाठी भोक असायचं, वर, खिडकीच्या बाजूला. कवेलूदादांनी पाहिलं असेल. उन्हाळ्यात दारांना वाळ्याच्या ताट्या लावायच्या आणि भिस्ती मशकीनं त्या दिवसभर भिजवायचा. आज आपण कूलरला वाळा लावतो तो तोच.

नागपुरात कुणी असा बंगला दुरुस्त करून उघडला, तर एकच मागणं आहे. मागची आउटहाऊस पाडून तिथं गाड्या लावायची जागा करू नका.

---

कवेलू

ताई, पाहिलंय ते भोक. चिनी मातीची नळी बसवलेली असते त्यात, दोरी घासू नये म्हणून. एका घरी ती नळी एका बाजूनं झिजून खोलगट झाली होती. मी ती बुजवू दिली नाही. तुमच्या पणजोबांची गोष्ट तेव्हा माहीत नव्हती.

---

बर्डीचा_बंटी

पणतीताई, डोळ्यात पाणी आलं. लिहीत जा हो.

---

काळा_पाषाण

कडुनिंबताईंनी विचारलं होतं, मुलांना कसं दाखवावं. माझा अनुभव: सगळं दाखवू नये. एक वस्तू धरावी आणि तिच्या गावापर्यंत जावं. अजब बंगल्यात गुंगेरियाच्या तांब्याच्या कुऱ्हाडी आहेत, त्या धरा. १८७० साली बालाघाट जिल्ह्यात गुरं चारणाऱ्या पोरांना जमिनीतून काहीतरी टोक वर आलेलं दिसलं. उकरलं तर ४२४ तांब्याच्या वस्तू आणि १०२ चांदीचे पातळ पत्रे, नीट रचून ठेवलेले. काही हजार वर्षांपूर्वी कुणीतरी ते पुरलं आणि परत न्यायला आलंच नाही. त्यातलं काही लंडनला गेलं, काही कलकत्त्याला, काही नागपुरात राहिलं. एवढं सांगून मुलांना विचारायचं, कुणी पुरलं असेल, का? अर्धा तास जातो, आणि मूल घरी जाऊन आईला सांगतं.

---

कडुनिंब_सावली

काका, तुमचं ऐकलं. या रविवारी आम्ही टाकळघाटला गेलो. आता एमआयडीसी इतकी अंगावर आली आहे की आईला रस्ता सापडेना. शेत विकलं त्याला तीस वर्षं झाली. नवीन मालकांनी ओळख सांगितल्यावर चहा दिला आणि स्वतः दाखवायला आले. वर्तुळ आहे. पूर्ण नाही, नऊ दगड मोजले, मध्ये तरोटा माजलेला. आईनं एकदा इकडं एकदा तिकडं पाहिलं, मग एका दगडापाशी जाऊन बसली. "हा माझा," म्हणाली. बसायला थोडा खोलगट आहे तो.

लेकीनं वहीत नकाशा काढला. नऊ दगडांना आकडे घातले आणि चौथ्यापुढं लिहिलं: आजीचा.

तिला एक दगड घरी न्यायचा होता.

---

काळा_पाषाण

नेला नाही ना?

---

कडुनिंब_सावली

नाही काका. आईच म्हणाली, तिच्या बाबांनी वखर लागू दिला नव्हता त्याला. बांधावरचा एक साधा गोटा घेतला. मालकांना तुमच्या प्रतिसादातलं वाचून दाखवलं, थडग्याचं. ते गप्प झाले. मग म्हणाले, पुढच्या महिन्यात सपाटीकरणाला जेसीबी बोलावलाय, त्याला हा कोपरा सोडायला सांगतो.

---

महालातला_गोविंदा

ताई, त्या मालकांना माझा रामराम सांगा. जेसीबी येईल त्या दिवशी कुणीतरी तिथं उभं असावं. मला सुट्टी आहे, तारीख कळवा.

---

कवेलू

मीही येतो. चुन्याची फक्की घेऊन येतो, आदल्या दिवशी वर्तुळाभोवती दोन हात सोडून रेघ मारून ठेवू. ड्रायव्हरला रेघ दिसली की तो तिकडं जात नाही.